लिनक्स गट, कोल्हापूर : पुन्हा उभारणीच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी फुकट टाकता येणारी प्रणाली, तिच्या गटातले जुने तिघे राजारामपुरीत चहाला जमलो. गट अधिकृतपणे कधी बंद झालाच नाही, कारण तो अधिकृत कधी नव्हताच. शेवटची बैठक कधी झाली यावर तिघांची तीन मतं. एकाने विषय सरळ काढला, "चालवायचा तर चालवू, नाहीतर नाव घेणं तरी सोडू."

गट का बसला याची कारणं बोलता बोलता निघाली. २००५-०६ च्या सुमाराला आमचं खरं काम एकच होतं, लिनक्सच्या सीडी वाटणं. घरात डायल-अप. सातशे एमबीची फाइल उतरवायची म्हणजे दोन-तीन रात्री जायच्या, त्याही मध्येच कुणाचा फोन आला नाही तर. उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराची मंडळी 'शिपइट' योजनेतून पोस्टाने फुकट सीडी पाठवायची, पीसीक्वेस्टसारख्या मासिकांबरोबर डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा तयार संच, यायची. ज्याच्याकडे सीडी, त्याच्या दारात माणसं. मग ब्रॉडबँड आलं, २०११ मध्ये शिपइटही बंद झालं, आणि बैठकीला यायचं कारण संपलं. त्यावर आम्ही उपाय काढला व्याख्यानांचा. माहीत असलेल्यांनी माहीत असलेल्यांनाच सांगायचं. त्यात हुशार पोरं डिग्री हातात पडली की हिंजवडीला.

सांगलीत वालचंद कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा लिनक्स गट चालतो. कॉलेजला दरवर्षी नवी तुकडी मिळते, जुनी जाताना नवीच्या हातात सूत्रं देते. गावातल्या गटाला ही सोय नाही. इथे माणसं यावीत तर त्यांची काहीतरी नड भागली पाहिजे.

नड सध्या आयती आहे. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा, संपतोय. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधीच्या बहुतेक मशिन बाद. लक्ष्मीपुरीतली दुकानं, वकिलांची ऑफिसं, क्लासेस हे सगळं तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या आय-थ्रीवर चाललंय. लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीईच्या मंडळींनी अशा मशिनवर लिनक्स टाकायची 'एंड ऑफ टेन' म्हणून जगभर मोहीम काढलीच आहे.

ठरलं ते इतकंच : भाषण नाही. टेबल लावायचं, येईल त्याची मशीन बघायची.

१३ जुलै

जुन्या यादीतले फोन लावले. निम्मे नंबर बंद. लागले त्यातले बहुतेक पुण्यात, काही परदेशात. सगळे गहिवरून बोलले, "काही लागलं तर सांग." काय लागतं ते लगेच सांगितलं : जुन्या लॅपटॉपमधून काढलेली डीडीआर-थ्री रॅम आणि कमी क्षमतेच्या एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या वेगवान डिस्क. ज्यांना ते खरंच पाठवायचं होतं त्यांनी त्याच आठवड्यात कुरिअर केलं. बाकीच्यांकडून शुभेच्छा.

एका फोनवर पहिला प्रश्न : "अध्यक्ष कोण?" कोल्हापुरात गल्लीत क्रिकेटची टीम काढली तरी आधी अध्यक्ष ठरतो, मग बॅट घेतात. अध्यक्ष नाही म्हटल्यावर पलीकडे जरा शांतता पसरली.

२७ जुलै

पाऊस. पंचगंगा वाढलीय, शहरात दुसरा विषय नाही.

जागेचा प्रश्न सुटला, आणि सुटला तोही अनपेक्षित ठिकाणी. कॉलेजचा हॉल मागायला गेलो तर पत्र, मग पत्रावर शेरा, मग रविवारी वॉचमन नाही. मंगळवार पेठेतल्या एका तालमीत सेक्रेटरींशी सहज बोलणं निघालं. ते म्हणाले, "हॉल घ्या की. पैसे कशाला? आमचा कॉम्प्युटर तेवढा सुरू करून दावा. गणपतीच्या पावत्या, जमाखर्च सगळं त्यावर करायचंय."

आमच्यातला एकजण बाहेर आल्यावर म्हणाला, तालमीत कोण येणार लिनक्सला? मला वाटतं तिथेच येतील. कॉलेजच्या फाटकातून आत जायला शहरातला दुकानदार बिचकतो. तालमीत तो लहानपणापासून जातोय.

१० ऑगस्ट

कालच डेबियन या डिस्ट्रोची १३ वी आवृत्ती आली. त्यात ३२-बिट, म्हणजे फार जुन्या, पीसीसाठी इन्स्टॉलर नाही, म्हणजे जुन्या ॲटम नेटबुकसाठी डेबियन १२ हाताशी ठेवावं लागणार. पेनड्राइव्ह तयार केले. एकाच पेनड्राइव्हवर व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक प्रणाली सुरू करून देणारं साधन) टाकून त्यात सगळ्या आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलच्या फाइली.

नव्या माणसाला कोणती डिस्ट्रो द्यायची यावर दीड तास वाद. फेडोरा, डेबियन, एकाला आर्च. शेवटी मिंट २२, त्यातही एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. कारणं रुक्ष आहेत : खाली डावीकडे मेन्यू असतो, चार जीबी रॅमवर बरं चालतं, २०२९ पर्यंत सुधारणा मिळतात. सगळ्यात मोठं कारण म्हणजे टेबलावरच्या प्रत्येकाला एकच गोष्ट पाठ हवी. चार मशिनवर चार डिस्ट्रो टाकून दिल्या तर पुढच्या रविवारी निस्तरायला चार वेगळी माणसं लागतात.

१७ ऑगस्ट

आज उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन. शहरभर बंदोबस्त, पाहुणे, गाड्या. टेबल पुढच्या रविवारवर.

२४ ऑगस्ट

पहिलं टेबल. सुरुवात तालमीच्या मशिनपासून.

कॅबिनेट उघडलं तर आत धुळीपेक्षा गुलाल जास्त. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांवर गुलाबी थर, हीटसिंकच्या फटी बुजलेल्या. मशीन दहा मिनिटांत बंद का पडायची हे विचारायची गरज उरली नाही. ब्रशने झाडलं, ब्लोअर मारला, वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावली. हार्ड डिस्क काढून पुण्याहून आलेली एसएसडी बसवली.

मिंट बसलं, पण अपडेट घेईना. सर्व्हरवरची यादी "अजून वैध नाही" म्हणे, ब्राउझरमध्ये प्रत्येक साइटला सर्टिफिकेटची, म्हणजे साइटच्या ओळखीच्या दाखल्याची, तक्रार. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा तासभर नेटवर्कच्या मागे लागला होता. तालमीतलाच, मंडळाचं लायटिंग करणारा एकजण मागे उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "त्यात तारीख जुनी दिसतीय की." मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल संपलेला, त्यामुळे वीज गेली की घड्याळ मूळपदावर. मशीनच्या हिशेबाने आजची सर्टिफिकेटं भविष्यातली. कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणला, बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) तारीख लावली, सगळं सुरळीत.

लायटिंगवाल्याला तिथल्या तिथे सांगितलं, पुढच्या वेळी येणारी प्रत्येक मशीन आधी तू बघायची. सेल, पंखा, पॉवर सप्लाय, मगच आमच्याकडे. तो म्हणाला, मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. आम्ही म्हटलं, त्यासाठी आम्ही आहोत.

बुधवारी गणपती. आता पंधरा दिवस कुणी हाताला लागणार नाही.

७ सप्टेंबर

काल अनंत चतुर्दशी, मिरवणूक आज सकाळीही चालूच. कान अजून बधिर.

तालमीच्या खजिनदारांनी अख्खा गणेशोत्सव लिब्रेऑफिस कॅल्क या हिशेबाच्या तक्त्यात सांभाळला. कुणी शिकवलं नव्हतं. मध्ये दोनदा फोन आला, तोही एकाच गोष्टीसाठी : "दुसऱ्या दिवसाची आरती" लिहिताना "दुसर्‍या" नीट उमटेना, 'र'चा रफार होऊन पुढच्या 'य'च्या डोक्यावर बसत होता. इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत त्यासाठी वेगळा ऱ आहे, शिफ्ट धरून जे, मग डी, मग य. फोनवर सांगितलं, त्यांनी तो क्रम कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवला. तो कागद अजून तिथेच आहे.

२० सप्टेंबर, शनिवार

सॉफ्टवेअर फ्रीडम डे. सप्टेंबरचा तिसरा शनिवार, जगभर पाळतात. फुगे, केक काही नाही. तालमीच्या दारात टेबल, वर लॅपटॉप, बाजूला हाताने लिहिलेला बोर्ड : "जुना कॉम्प्युटर टाकू नका. आणून दाखवा."

येणाऱ्यांमध्ये एक निवृत्त शिक्षिका. नातवाचा लॅपटॉप घेऊन आल्या होत्या. लॅपटॉपचं काम झालं तरी बाई उठेनात. आमचं माहितीपत्रक वाचत बसल्या होत्या. मग पेन मागितलं आणि अर्धं खोडलं. "बूट म्हणजे काय हे माहीत असतं तर तो माणूस तुमच्याकडे आला असता का? आणि हे वाक्य बघा, श्वास संपतो." पत्रक त्यांच्याकडेच सोपवलं. चार दिवसांत एका पानाचं, मोठ्या टायपातलं आलं. बटण कुठलं दाबायचं, काय दिसेल, काय दिसलं तर हात लावायचा नाही आणि आम्हाला बोलवायचं. इतक्या वर्षांत गटाने लिहिलेल्या मराठीपेक्षा ते एक पान जास्त वाचलं गेलं.

२८ सप्टेंबर

१२ ऑक्टोबरला मोठा इन्स्टॉल दिवस. पोस्टरच्या मजकुरावरून भांडण. विद्यार्थ्यांचा मसुदा : "१४ ऑक्टोबरनंतर तुमचा कॉम्प्युटर बंद!" जोरदार आहे, पण खोटं आहे. मशीन चालूच राहणार, सुरक्षेच्या सुधारणा यायच्या थांबणार. शिवाय मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी आणखी वर्षभर सुधारणा घेण्याची सोय ठेवली आहे, नोंदणी करावी लागते. हेही पोस्टरवर लिहायचं असं मी म्हटलं. "मग आपल्याकडे येईल कोण?" असा सवाल.

शेवटी लिहिलं. घाबरवून आणलेला माणूस पहिल्या अडचणीला शिव्या घालतो आणि गल्लीत सांगत फिरतो. समजून आलेला निदान फोन करतो.

५ ऑक्टोबर

तालीम, म्हणजे रंगीत तालीम. नियम ठरवले आणि भिंतीवर लावले.

डेटाची प्रत घेतल्याशिवाय डिस्कला हात नाही. प्रत मालकाने स्वतःच्या पेनड्राइव्हवर किंवा डिस्कवर घ्यायची, त्याच्या समोर एक-दोन फायली उघडून दाखवायच्या, मग फॉर्मवर सही. विंडोज बाजूला ठेवायचं असेल तर आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघायचं आणि असल्यास रिकव्हरी की लिहून घ्यायची. फास्ट स्टार्टअप बंद करायचं, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्सला विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा भाग) नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही.

कुठल्या मशिनला नाही म्हणायचं याचीही यादी. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर रोजचा धंदा चालतो ती मशीन : नाही. कोरलड्रॉ आणि श्रीलिपी या डीटीपीच्या सॉफ्टवेअरवर लग्नपत्रिका निघतात ती : नाही. त्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर सारख्या वाचता येणाऱ्या अक्षरांत, नसतात, फॉन्ट बदलला की नवरीच्या नावाचं काहीतरी भलतंच होतं. दुकानदाराचा सीझन बुडवून आपल्याला कुठला लिनक्सचा झेंडा लावायचाय?

१२ ऑक्टोबर, रविवार

सकाळी नऊला जाजम अंथरलं तेव्हा आम्हीच जास्त होतो. अकराला दारात चपलांचा ढीग.

वायरिंग लायटिंगवाल्याने केलं. दोन फेजवर भार वाटून, प्रत्येक ओळीला वेगळा एमसीबी. गणपतीत हजारो दिवे लावणाऱ्याला पंधरा-वीस कॉम्प्युटर म्हणजे काहीच नाही. दाराशी तोच : मशीन उघडायची, झाडायची, सेल बघायचा, चिठ्ठी लावून आत सोडायची. हाताखाली त्याने मंडळाची आणखी दोन पोरं घेतली होती, आम्हाला न विचारता. बरं केलं.

इंटरनेट तालमीचंच, साधं. सगळ्यांनी एकदम अपडेट घेतलं असतं तर दुपारपर्यंत कुणाचंच झालं नसतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलाने आदल्या रात्री त्याच्या लॅपटॉपवर ॲप्ट-कॅशर-एनजी लावून ठेवलं होतं. पहिल्या मशिनने पॅकेज उतरवलं की ते लॅपटॉपवर साठतं, पुढच्या सगळ्या मशिनना ते आतल्या आतच मिळतं. पहिल्या मशिनला पाऊण तास लागला, नंतरच्यांची अपडेट चहा संपेपर्यंत होत होती. ज्या लॅपटॉपना वायफायचं फर्मवेअर (ते चालवणारी फाइल) नव्हतं त्यांना मोबाइल यूएसबीने जोडून टेथरिंग, म्हणजे मोबाइलचंच नेट, ते विनातक्रार चालतं.

वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या एक ताई आल्या. सर्किट बेंच सुरू झाल्यापासून काम दुप्पट झालंय म्हणाल्या. टायपिंगची परीक्षा रेमिंग्टन या टाइपरायटरच्या मांडणीवर दिलेली, बोटं त्याच जागी बसलेली, इनस्क्रिप्टचं नाव काढताच लॅपटॉप मिटायला निघाल्या. आयबस, म्हणजे लिनक्समधली भाषा निवडायची सोय, तिच्या यादीत मराठीखाली रेमिंग्टन निघालं. त्यांनी मॉनिटरकडे न बघता एक अख्खा परिच्छेद मारला, मग वर बघितलं. दोन जोडाक्षरं अडली, ती कुठल्या बटणावर आहेत ते त्यांनीच शोधून वहीत लिहिलं. जुन्या फायली जुन्या फॉन्टमधल्या असल्यामुळे विंडोज बाजूला तसंच ठेवलं, त्यावर नेट मात्र वापरायचं नाही असं सांगून.

एका डीटीपीवाल्या काकांना यादीप्रमाणे नाही म्हटलं. ते चिडले. "मी पेठेतून ओझं घेऊन आलो आणि तुम्ही नाही म्हणताय?" त्यांची दुसरी, बिलं आणि ईमेलची मशीन आहे असं कळलं. ती आणा म्हटलं. तासाभरात घेऊन आले, बरोबर प्रिंटरही.

आणि तिथे घोडं अडलं. जवळपास प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसतो तोच छोटा लेझर. त्याला पीसीएल, पोस्टस्क्रिप्ट या प्रिंटरच्या नेहमीच्या भाषा समजत नाहीत, कंपनीची स्वतःची बंद भाषा. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, पण जुना, ३२-बिट लायब्ररी मागणारा. स्वयंसेवकांनी ती भाषा उलगडून लिहिलेला मोकळा ड्रायव्हर आहे, तो कंपाइल, म्हणजे मूळ कोडवरून तयार, करायला लागतो. संध्याकाळपर्यंत पान निघालं नाही. काका मशीन ठेवून गेले, प्रिंटर घेऊन गेले, जाताना एवढंच म्हणाले, "छापल्याशिवाय मला काय उपयोग?"

बरोबरच आहे. शहरात लिनक्स अडतो तो कर्नेलपाशी, म्हणजे त्याच्या गाभ्यापाशी, नाही, प्रिंटरपाशी अडतो.

१४ ऑक्टोबर

विंडोज १० चा शेवटचा दिवस. दिवसभर फोन. "आज बंद पडणार होता ना? चालू आहे की." पोस्टरवर खरं लिहिलं होतं ते बरं झालं.

२६ ऑक्टोबर

दिवाळी संपली. पुण्याहून सुट्टीला आलेले दोन जुने सदस्य टेबलावर बसले आणि नेहमीप्रमाणे त्यांना बोलावंसं वाटलं. एकाने कंटेनरवर तासभर बोलू का असं विचारलं. आम्ही त्याच्या हातात डीटीपी काकांची मशीन दिली. तो आणि दुसऱ्या वर्षाचा मुलगा, दोघांनी मिळून ड्रायव्हर कंपाइल केला, जुळवला, आणि त्याची डेब फाइल बांधली, म्हणजे पुढच्या वेळी दोन क्लिकचं काम. चाचणीचं पान तिरकं निघालं. तो रोलरचा दोष, आमचा नाही. लायटिंगवाल्याने रोलर पुसला.

काकांना फोन केला. ते आले, दहा प्रती काढल्या, एकही शब्द बोलले नाहीत. आज त्यांच्या दुकानात टेबलाच्या तारखांचा कागद लावलेला दिसला.

९ नोव्हेंबर

हिशेब बघताना एक गोष्ट ठळक दिसते. १२ ऑक्टोबरला मशीन करून घेतलेल्यांपैकी बहुतेक परत आले नाहीत, येण्याचं कारणही नाही, त्यांचं काम झालं. परत आले ते काहीतरी अंगावर घेतलेले. ताई आता टायपिंगवाल्यांचं वेगळं टेबल बघतात, रेमिंग्टनची त्यांची वही झेरॉक्स होऊन फिरतेय. बाई प्रत्येक नवा कागद तपासतात. खजिनदार, हो, तालमीचेच, गटाचा जमाखर्चही ठेवतात : सेल, थर्मल पेस्ट, एक पॉवर सप्लाय, चहा. यातल्या कुणीही स्वतःला लिनक्सवाला म्हणवत नाही.

ग्रुपवर प्रश्न विचारायचे तर पडद्याचा फोटो हवा, एवढा एक नियम. "चालत नाही" एवढ्यावर उत्तर द्यायचं नाही. सुप्रभातचे फोटो टाकणाऱ्याला एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा काढायचं. जुन्या सदस्यांपैकी एक त्यातच ग्रुपबाहेर गेला.

संस्था नोंदवायचा विषय पुन्हा निघाला. नोंदवली की देणग्या घेता येतील हे खरं. पण मग घटना, कार्यकारिणी, ऑडिट, आणि अर्थातच अध्यक्ष. खजिनदार म्हणाले, पाच हजाराच्या वर शिल्लक जाईल तेव्हा बघू. सध्या शिल्लक शंभराच्या घरात आहे.

२३ नोव्हेंबर

गावाला होतो. टेबल माझ्याशिवाय लागलं. रात्री दुसऱ्या वर्षाच्या मुलाचा मेसेज : एक हार्ड डिस्क गेलेली, दोन इन्स्टॉल, एकाला नाही म्हटलं, टॅली. "नाही" त्याने म्हटलं हे वाचून बरं वाटलं. सुरुवातीला तो फ्रिजवरही लिनक्स टाकायला तयार होता.

७ डिसेंबर

पत्रकवाल्या बाईंच्या ओळखीतून महापालिकेच्या एका शाळेतून विचारणा. संगणक कक्ष आहे, मशिन आहेत, निम्म्या बंद. मुख्याध्यापिका बाईंना भेटून आलो. त्यांचा पहिला प्रश्न मुलांचं नुकसान होणार नाही ना, आणि दुसरा, कागदपत्रं कोण करणार. जुनं साहित्य जडसंग्रह नोंदवहीत आहे, त्यामुळे रॅम बदलली तरी नोंद लागते. ते काम पत्रकवाल्या बाईंनी आणि खजिनदारांनी घेतलं.

मशिन चालू झाल्या तर काय टाकायचं हे मोठं कोडं नाही : मिंट, लिब्रेऑफिस, लहानांसाठी जीकॉम्प्री आणि टक्स पेंट, मराठीला इनस्क्रिप्ट. शिक्षकांना मात्र आधी दोन शनिवार द्यायला लागतील, नाहीतर आम्ही पाठ फिरवली की कक्षाला कुलूप.

किल्ली शिपाईमामांकडे असते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन तास ते थांबायला तयार आहेत. १३ तारखेला लायटिंगवाला आणि त्याची पोरं आधी जाऊन वायरिंग बघतील, अर्थिंग नाही असा त्याला संशय आहे. अर्थिंग होईपर्यंत एकही मशीन लावायची नाही, असं त्याने मुख्याध्यापिका बाईंना परस्पर सांगूनही टाकलंय.